गोल फिरणाऱ्या इंजिनाचा बाप : फेलिक्स वांकेल

आय. सी. इंजिनच्या पेपरला सगळ्यात शेवटच्या युनिटवर एक शॉर्ट नोट ठरलेली असते. वँकेल इंजिन, मार्क चार. मागच्या सगळ्या बॅचेसनी ती एकाच पद्धतीने लिहिली आहे. कमरेत किंचित दबलेला एक लंबगोल डबा काढायचा, त्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण काढायचा, सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट असे चार बाण मारायचे, खाली फायदे चार आणि तोटे तीन. तोट्यांतला पहिला मुद्दा नेहमीचाच : सीलिंगचा प्रॉब्लेम. त्यापुढचं वाक्य कोणी लिहीत नाही, कारण वेळ संपलेली असते आणि सरही विचारत नाहीत. (सरांनी रागावू नये.)

मित्रहो, हा लेख त्या न लिहिलेल्या वाक्याबद्दल आहे, आणि ज्या माणसाने त्यापायी उभं आयुष्य घालवलं त्याच्याबद्दल. जर्मन लोक त्याचं नाव वांकेल असं उच्चारतात, म्हणून इथे तसंच लिहितो. पेपरात मात्र वँकेलच लिहा, नाहीतर मार्क जायचे.

फेलिक्स वांकेलचा जन्म १३ ऑगस्ट १९०२ चा, जर्मनीच्या नैऋत्येला ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला असलेल्या लार या गावातला. वडील वनखात्यात नोकरीला होते. १९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि वडील त्यात मारले गेले. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. आई त्याला घेऊन हायडेलबर्गला आली. शाळा बदलत गेल्या आणि १९२१ मध्ये शालान्त परीक्षा न देताच शिक्षण थांबलं. युद्धानंतरच्या त्या महागाईत पुढे शिकायला पैसाच नव्हता. म्हणजे ज्याच्या नावाचं इंजिन आपल्याला सिलॅबसला आहे, तो इंजिनिअरिंग कॉलेजची पायरी कधी चढलेलाच नाही! हायडेलबर्गमध्ये शास्त्रीय पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशकाकडे तो खरेदी-विक्रीचं काम शिकायला लागला. तिथे हाताशी पुस्तकं होती, आणि जे काही शिकला ते वाचून आणि करून.

आणखी एक अडचण होती. त्याची नजर फार कमजोर होती, जाड भिंगांचा चष्मा. ड्रायव्हिंग लायसन्स त्याला जन्मभर मिळालं नाही. जगभरच्या स्पोर्ट्स कारवाल्यांनी ज्याच्या इंजिनावर जीव टाकला, त्याने स्वतः कधी गाडी चालवली नाही.

सतराव्या वर्षी त्याला म्हणे स्वप्न पडलं की आपण स्वतः बनवलेल्या गाडीतून मैफलीला चाललोय, आणि गाडीत अर्धं टर्बाईन, अर्धं पिस्टन असं इंजिन आहे. शास्त्रज्ञांच्या स्वप्नांच्या गोष्टी मी जरा मीठ लावूनच घेतो, पण ही त्याच्या सगळ्या चरित्रांत येते. खरी गोष्ट एवढी की १९२४ मध्ये त्याने हायडेलबर्गला छोटंसं वर्कशॉप टाकलं, १९२६ मध्ये पुस्तकांकडची नोकरी गेली आणि १९२९ मध्ये फिरत्या पिस्टनच्या मशीनचं पहिलं पेटंट त्याच्या नावावर लागलं.

आता थोडं टेक्निकल. साध्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, थांबतो. त्या सरळ हालचालीची फिरती हालचाल करायला कनेक्टिंग रॉड आणि क्रँक लागतो, श्वासोच्छ्वासाला व्हॉल्व, कॅम, स्प्रिंगा लागतात. वांकेलचं म्हणणं साधं होतं : चाक शेवटी फिरायचंच आहे, तर सुरुवातीपासूनच फिरवू या. त्रिकोणी रोटर विलक्षण आकाराच्या घरात फिरतो. त्याची तिन्ही टोकं कायम भिंतीला टेकलेली राहतात, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे होतात आणि फिरताना ते लहान-मोठे होतात. प्रत्येक कप्पा आपापले चार स्ट्रोक पुरे करतो. रोटरचा एक फेरा होईपर्यंत मधला शाफ्ट तीन वेळा फिरतो, म्हणून शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरमागे एक पॉवर स्ट्रोक मिळतो. व्हॉल्व नाही, कनेक्टिंग रॉड नाही, धडधड नाही.

मग घोडं कुठे पेंड खातं? तर टोकांवर. पिस्टनची रिंग गोल असते, गोल सिलिंडरमध्ये पट्टीसारखी चपखल बसते, आणि जळलेल्या वायूचा दाब मागून रेटा देऊन तिला भिंतीवर आणखी घट्ट दाबतो. रोटरच्या टोकावर मात्र जेमतेम काही मिलिमीटर जाडीची एक पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. ती भिंतीला फक्त एका रेषेत टेकते, आणि भिंतीचा आकार बदलता असल्यामुळे टेकण्याचा कोनही दर क्षणाला बदलतो. शिवाय रोटरच्या दोन्ही बाजूंना साईड सील, कोपऱ्यांत कॉर्नर सील, आणि हे सगळं एकमेकांना भिडून बसायला हवं. एक एपेक्स सील गेलं की त्याच्या दोन्ही अंगाचे कप्पे एकमेकांत मिसळतात, म्हणजे तीनपैकी दोन कामातून गेले.

वांकेलच्या आधीही फिरतं इंजिन करायचा प्रयत्न पुष्कळांनी केला होता आणि सगळे याच जागी आपटले होते. वांकेलचं खरं मोठेपण मला इथे वाटतं. इंजिनाचा आकार शोधायच्या आधी त्याने गॅस अडवायचा कसा, याचाच कित्येक वर्षं अभ्यास केला. सीलच्या मागे वायूचा दाब पोचला पाहिजे आणि सगळी सीलं मिळून एक अखंड साखळी झाली पाहिजे, हे त्याने प्रयोगांनी पक्कं केलं. आकार नंतर आला.

यापुढचा भाग लिहिताना हात अडखळतो. सुरुवातीला मी हा लेख वांकेल आले, वांकेल गेले असा आदरार्थी लिहायला घेतला होता. मग खाली येतंय ते वाचलं आणि सगळीकडे 'तो' केलं. पटत नसेल त्यांनी मनातल्या मनात दुरुस्त करून घ्यावं.

वांकेल तरुणपणापासून कडव्या, ज्यूद्वेष्ट्या संघटनांत होता. १९२२ मध्ये, म्हणजे विशीत, तो नाझी पक्षाचा सभासद झाला. तेव्हा हिटलरला फारसं कोणी ओळखत नव्हतं, त्यामुळे नोकरीसाठी किंवा भीतीने गेला असं म्हणायला जागा नाही. १९३१ मध्ये त्याच्याकडे बाडेन प्रांतातल्या हिटलर युथचं नेतृत्व आलं. मग तिथला पक्षप्रमुख रॉबर्ट वाग्नर याच्याशी त्याचं फाटलं. वांकेलने त्याच्यावर भ्रष्टाचाराचे उघड आरोप केले आणि १९३२ मध्ये पक्षातून बाहेर पडावं लागलं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर वाग्नरने त्याला लारच्या तुरुंगात टाकलं. काही महिन्यांनी हिटलरचा आर्थिक सल्लागार विल्हेल्म केपलर मध्ये पडला आणि तो सुटला. काही लोक या तुरुंगवासावरून त्याला नाझीविरोधी ठरवतात. ते काही खरं नाही. भांडण माणसाशी होतं, विचाराशी नव्हतं. १९३७ मध्ये त्याने पक्षात परत घ्या म्हणून खटपट केली, ती फेटाळली गेली. १९४० मध्ये एस. एस. मध्ये त्याला मोठा हुद्दा मिळाला आणि १९४२ मध्ये तिथूनही काढलं.

मधल्या काळात विमान मंत्रालयाने त्याला १९३६ मध्ये बोडेन सरोवराच्या काठी लिंडाऊ इथे स्वतंत्र वर्कशॉप उभारून दिलं. तिथे तो विमानांच्या इंजिनांसाठी फिरते व्हॉल्व बनवत होता. म्हणजे त्याचं सीलिंगचं ज्ञान पिकलं ते हिटलरच्या विमानदलाच्या पैशावर. चार मार्कांच्या नोटेत हे येत नाही. यायला हवं असंही मी म्हणत नाही, पण आपल्याला माहीत असलेलं बरं.

१९४५ मध्ये फ्रेंच फौजा आल्या, वर्कशॉपची वासलात लागली आणि वांकेल अटकेत गेला. १९४६ मध्ये सुटला तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा, हातात काही नाही. पुन्हा सुरुवात. १९५१ मध्ये त्याने लिंडाऊलाच नवं केंद्र काढलं आणि एन. एस. यू. या मोटारसायकली बनवणाऱ्या कंपनीशी करार केला. पहिलं काम फिरत्या व्हॉल्वचं. मग त्याचा फिरता कॉम्प्रेसर एन. एस. यू. ने ५० सी.सी.च्या टू-स्ट्रोकला जोडला आणि १९५६ मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ती गाडी ताशी १९० किलोमीटरच्या वर पळवली. पन्नास सी.सी.! आपल्याकडच्या लुनाचं इंजिन एवढंच असायचं, त्यावरून अंदाज घ्या.

१९५४ मध्ये कागदावर ती आकृती जमली. १ फेब्रुवारी १९५७ ला नेकार्सुल्मला एन. एस. यू. च्या कारखान्यात पहिलं वांकेल इंजिन स्वतःच्या ताकदीवर चाललं. त्याचं नाव डी. के. एम. आपल्या पुस्तकातल्या आकृतीपेक्षा हे वेगळं होतं. यात आतला रोटरही फिरायचा आणि बाहेरचं घरही फिरायचं, दोन्ही आपापल्या अक्षाभोवती. त्यामुळे बॅलन्स अप्रतिम, १७,००० आर.पी.एम. पर्यंत मजल. गणिताच्या दृष्टीने इतकं सुंदर इंजिन क्वचित झालं असेल.

आणि आता गंमत ऐका. स्पार्क प्लग त्या फिरणाऱ्या आतल्या भागात बसवलेले. प्लग बदलायचा झाला की सगळं इंजिन खोलायचं! कल्पना करा, पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडलीय आणि मेस्त्री म्हणतो, प्लग बघायला इंजिन उतरवावं लागेल.

एन. एस. यू. मधला इंजिनिअर हान्स डीटर पाश्के याने त्यातून मार्ग काढला. बाहेरचं घर स्थिर ठेवलं आणि रोटरला विलक्षण शाफ्टवर गरगरत फिरू दिलं. प्लग बाहेरून काढता-घालता येऊ लागला, पेट्रोल-हवा आत घेणं सोपं झालं. याचं नाव के. के. एम. आणि आपण परीक्षेत काढतो ती आकृती याची. वांकेलला हा बदल अजिबात रुचला नाही. आपल्या शुद्ध कल्पनेची त्यांनी वाट लावली असंच त्याला वाटत राहिलं. इथे मी पाश्केच्या बाजूचा आहे. इंजिन बनवणाऱ्याचं एकदाच असतं, ते सांभाळणाऱ्याचं रोज असतं. तरीसुद्धा जगभर नाव वांकेलचंच राहिलं. पाश्केचं नाव आमच्या लायब्ररीतल्या एकाही पुस्तकात मला सापडलं नाही.

पुढची दहा वर्षं लायसन्सची रांग लागली. १९५८ मध्ये अमेरिकेची कर्टिस-राईट, नंतर डायम्लर-बेंझ, जपानची तोयो कोग्यो म्हणजे आजची माझदा, १९७० मध्ये जनरल मोटर्स. पिस्टनचे दिवस भरले असं जाणकारही म्हणू लागले होते.

१९६४ मध्ये एन. एस. यू. ची स्पायडर ही दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार विक्रीला आली. मागे एकच रोटर, ४९८ सी.सी., पन्नास हॉर्सपॉवर. वांकेल इंजिनाची जगातली पहिली विक्रीची गाडी. जेमतेम २,४०० च्या आसपास बनल्या. खरी परीक्षा १९६७ च्या आर. ओ. ८० ची होती. ही चार दरवाजांची ऐसपैस गाडी, दोन रोटर, ११५ हॉर्सपॉवर, दिसायला तर आजही जुनी वाटत नाही. १९६८ ची युरोपातली सर्वोत्तम कार ठरली. वांकेलने स्वतःही एक घेतली, अर्थात ड्रायव्हर ठेवून.

आणि वर्षभरात गाड्या परत यायला लागल्या. काहींचं इंजिन २४,००० किलोमीटरलाच कुरकुरू लागलं, पुष्कळांना ५०,००० च्या आत नवं बसवावं लागलं. कारण तेच, टोकावरच्या पट्ट्या. त्या काळी सील तीन तुकड्यांचं होतं आणि त्याचं मटेरियल झिजायचं. थंडीत स्टार्ट करून कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येणारा मालक असेल तर झीज आणखी लवकर, कारण इंजिन पुरतं गरमच होत नाही. वर हे इंजिन इतकं मुलायम की रेड लाईन ओलांडली तरी कळत नाही. साधं इंजिन ओरडतं, थरथरतं, ड्रायव्हर आपोआप पाय काढतो. इथे सूचना देणारं कोणी नाही. शेवटी कंपनीला जास्त आर.पी.एम. झाले की वाजणारा बझर बसवावा लागला.

यात गॅरेजवाल्यांचाही वाटा होता. नवीन प्रकारचं इंजिन, आत काय चाललंय कोणाला कळेना. मिसिंग झालं, काढ इंजिन. धूर आला, काढ इंजिन. वॉरंटीत बदलून आलेल्या इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांत मुळात दोषच नव्हता, असं नंतर कारखान्यात खोलल्यावर दिसलं. प्लग किंवा इग्निशनचा मामला असायचा. कंपनी मात्र प्रत्येक वेळी नवं इंजिन फुकट देत होती. रस्त्यात दोन आर. ओ. ८० समोरासमोर आल्या की मालक एकमेकांना हात दाखवायचे, आणि जितकी बोटं वर तितकी इंजिनं आजवर बदलली असा त्याचा अर्थ, अशी आठवण सांगतात. एन. एस. यू. ला हे झेपलं नाही. १९६९ मध्ये ती ऑटो युनियनमध्ये विलीन झाली. सीलचं मटेरियल पुढे सुधारलं, गाडी १९७७ पर्यंत बनत राहिली, एकूण ३७,००० च्या वर. पण नाव गेलं ते गेलंच.

तिकडे हिरोशिमात हीच लढाई दुसऱ्या पद्धतीने चालली होती. सरकार लहान मोटार कंपन्यांना मोठ्यांत विलीन व्हायला सांगणार अशी हवा होती आणि तोयो कोग्योचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांना आपल्याकडे दुसऱ्या कोणाकडे नाही असं काहीतरी हवं होतं. लायसन्स घेतलं, जर्मनीहून नमुन्याचं इंजिन आलं आणि लक्षात आलं की हे आयडलिंगला थरथरतं, ऑइल जाळून पांढरा धूर काढतं आणि काही तासांनी घराच्या आतल्या भिंतीवर आडव्या लाटांसारखे ओरखडे पडतात. जपानी इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांचा विभाग नेमला गेला. (इथे मात्र मी बिनदिक्कत आदरार्थी लिहितो.)

सगळे जण सील कठीण करा, आणखी कठीण करा या मार्गाने जात होते. यामामोतोंच्या लोकांनी ओरखड्यांमधलं अंतर बघून वेगळा विचार केला. सील भिंतीवरून घसरताना स्वतःच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीने थरथरतंय, आणि त्या थरथरण्याने भिंत खणली जातेय. मग सीलच्या टोकाजवळ आडवी-उभी भोकं पाडून त्याची फ्रिक्वेन्सीच बदलली, आणि ओरखडे गेले. व्हायब्रेशनच्या पेपरला हे शिकून काय उपयोग असं विचारणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहिलं! विक्रीच्या गाडीत शेवटी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सीलं बसवली. ३० मे १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली : दोन रोटर, ११० हॉर्सपॉवर. टिकते का हे जगाला दाखवायला १९६८ मध्ये दोन कॉस्मो जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. एकीचा एक्सल ८२ व्या तासाला मोडला, दुसरी चौथी आली. इंजिनाने दगा दिला नाही.

वांकेलचं काय चाललं होतं? पैसा आला. १९६९ मध्ये म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने शाळा अर्धवट सोडलेल्या या माणसाला मानद डॉक्टरेट दिली. १९७१ मध्ये त्याने आपली हक्काची कंपनी लोन्रो या ब्रिटिश कंपनीला दहा कोटी मार्कांना विकली. वेळ अचूक साधली म्हणायची. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल जास्त पिणाऱ्या या इंजिनाकडे सगळ्यांनी पाठ फिरवली. जनरल मोटर्सने पाच कोटी डॉलरचं लायसन्स घेऊनही एक गाडी विकली नाही. सित्रोएनने आपली बायरोटर ही गाडी जेमतेम ८४७ बनवल्यावर थांबवली आणि विकलेल्याही परत विकत घेऊन भंगारात काढायला सुरुवात केली, कारण स्पेअर पार्ट पुरवत बसायचं नव्हतं. वांकेल लिंडाऊला पाण्यावर तरंगत धावणाऱ्या वेगवान बोटींच्या मागे लागला. प्रयोगशाळांतल्या प्राण्यांचे हाल त्याला पाहवत नसत आणि प्राण्यांवरचे प्रयोग टाळणाऱ्या संशोधनासाठी त्याने १९७२ मध्ये पारितोषिक सुरू केलं. त्याच्या तरुणपणाच्या शेजारी ही गोष्ट ठेवली की काय म्हणावं कळत नाही. दोन्ही खरं आहे.

उरली फक्त माझदा. १९७८ मध्ये आर. एक्स. ७ आली. आर. एक्स. म्हटलं की आपल्या होस्टेलला यामाहा आठवते, पण ही वेगळी. इंजिन लहान आणि हलकं, त्यामुळे पुढच्या ॲक्सलच्या मागे सरकवता आलं आणि गाडीचा तोल असा साधला की चालवणारे वेडे झाले. तीन पिढ्यांत २००२ पर्यंत आठ लाखांच्या वर आर. एक्स. ७ बनल्या. मग २००३ ते २०१२ आर. एक्स. ८.

या गाड्या टिकतात का? हा वाद कधी मिटलेला नाही. माझं उत्तर असं की टिकतात, पण वाचून वापरणाऱ्याच्या हातात. यामाहावाल्यांना हे लवकर कळेल. आपण पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल टाकतो, तसं इथे एक छोटा पंप संपमधलं ऑइल उचलून थेंबाथेंबाने सीलवर सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळून जातं. म्हणजे ऑइल कमी होणं हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. पिस्टनच्या गाडीची सवय असलेला माणूस सर्व्हिसिंगपर्यंत डिपस्टिक काढत नाही आणि इथेच मरतो. जुने खेळाडू एक-दोनदा पेट्रोल भरलं की ऑइल बघतातच, काही जण टाकीत वरून थोडं टू-स्ट्रोक ऑइलही घालतात.

दुसरं, गाडी बाहेर काढून दोन मिनिटांत थंड इंजिन बंद करायचं नाही. स्टार्टिंगला जादा आलेलं पेट्रोल आतलं ऑइल धुऊन टाकतं, सील कोरडं पडतं, कॉम्प्रेशन जातं आणि गाडी परत स्टार्टच होत नाही. मग पेट्रोल बंद ठेवून, प्लग काढून स्टार्टर मारायचा, भोकातून थोडं ऑइल सोडायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. तिसरी गोष्ट आमच्या काकांना ऐकवली तर घेरी येईल : इंजिन गरम झाल्यावर अधूनमधून रेड लाईनपर्यंत ताणायचं. कायम हळू चालवलं की काजळी धरते आणि सीलं आपल्या खाचेत चिकटून बसतात.

उष्णता तर मोठा शत्रू. पिस्टन इंजिनात एकाच सिलिंडरमध्ये गार हवा आणि जाळ आळीपाळीने येतात. इथे जाळ कायम घराच्या एकाच बाजूला, गारवा कायम दुसऱ्या बाजूला. घर असमान तापतं, वाकतं. एकदा पाणी संपून इंजिन तापलं की पाण्याचे सील जातात आणि पाणी आत उतरतं. शेवटच्या टर्बोवाल्या आर. एक्स. ७ ला नॉकिंग झालं तर एपेक्स सील तिथल्या तिथे तुटतं. आर. एक्स. ८ चे इग्निशन कॉईल कमजोर, ते गेले की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो चोंदतो, उष्णता मागे येते आणि बदनामी मात्र इंजिनाची. माझदाने अमेरिकेत या गाडीच्या इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवून दिली, त्यावरून काय ते समजा.

सेकंडहँड घेताना नेहमीचा कॉम्प्रेशन गेज लावून चालत नाही. तो तीन कप्प्यांतला सगळ्यात चांगला आकडा पकडून ठेवतो, बाकीचे दोन मेलेले असले तरी. तिन्ही ठोके वेगवेगळे दाखवणारं यंत्र लागतं. आणि घराला ओरखडे पडले असतील तर बोअर करून मोठा पिस्टन घालायची सोय इथे नाही. घर नवीनच घ्यायचं.

९ ऑक्टोबर १९८८ ला दीर्घ आजारानंतर वांकेल हायडेलबर्गमध्ये वारला. वय ८६. त्याचं दफनही त्याच गावात झालं.

तीन वर्षं थांबला असता तर एक गोष्ट बघायला मिळाली असती. जून १९९१, फ्रान्समधली ल मां, चोवीस तासांची शर्यत. माझदाची ७८७ बी, चार रोटर, सुमारे ७०० हॉर्सपॉवर, एपेक्स सील सिरॅमिकची. आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत तापून बाद झाली आणि ५५ नंबरची माझदा ३६२ फेऱ्या मारून पहिली आली. रोटरी इंजिनाने ती शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. नंतर ते इंजिन खोलून बघितलं तेव्हा आतले भाग उत्तम अवस्थेत होते.

आर. एक्स. ८ बंद झाल्यावर सगळं संपलं असं वाटलं होतं. २०२३ मध्ये माझदाने एम. एक्स. ३० या गाडीत पुन्हा एक रोटर बसवला, ८३० सी.सी.चा. तो चाकाला जोडलेला नाही, फक्त बॅटरी चार्ज करायचा जनरेटर चालवतो. या इंजिनाचं एपेक्स सील आर. एक्स. ८ च्या सीलपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड केलं आहे.